जित्या माणसाचा तीर

गंजाडच्या पुढे डांबर संपतं आणि वाट डोंगराला लागते. त्या वाटेवरच्या एका पाड्यात रखमी तीर करायची. बाई तीर करते म्हटल्यावर परगावची माणसं आधी गालात हसत. मग तीर हातात घेत, डोळ्यासमोर धरून सरळ आहे का ते पाहत आणि गुमान कामाचं बोलायला लागत. तसे तीर सरळ करणारे पुष्कळ आहेत. बोरूची काडी विस्तवावर शेकून तिचा वाकडेपणा काढणं ही काही जादू नव्हे. रखमीचं नाव झालं होतं ते मापासाठी. तिने केलेला तीर ज्याचा त्यालाच बसे. दुसऱ्याच्या हातात गेला की तो लांब तरी वाटे, नाहीतर आखूड तरी.

माप घ्यायची रीत ऐकायला सोपी. काडीचं एक टोक छातीच्या मधल्या हाडाला टेकवायचं. डावा हात कामठा धरल्यासारखी मूठ करून समोर पुरा ताणायचा. काडी मुठीवरून पुढे जाऊ द्यायची आणि मुठीच्या पुढे चार बोटं सोडून कोळशाने खूण करायची. कामठा म्हणजे बांबूचं धनुष्य. तो ओढला की तीर मागे येत येत मुठीपुढे बरोबर ती चार बोटं उरतात. नेम धरणाऱ्याला डोळ्याच्या कोपऱ्यातून तेवढं दिसलं, की ओढ पुरी झाली, आता सोडायचं. तीर आखूड झाला तर ओढण्याच्या भरात पातं कामठ्याच्या आत येतं आणि सुटताना स्वतःच्याच मुठीत शिरतं. लांब झाला तर माणूस ती चार बोटं गाठण्यासाठी ओढतच राहतो, हात थरथरतो आणि नेम जातो.

अडचण काडीची नव्हती, गड्यांची होती. माप द्यायला आलेला गडी आहे तसा कधी उभा राहत नाही. छाती पुढे काढतो, श्वास कोंडतो, खांदा निखळेल इतका हात ताणतो, कारण लांब तीर म्हणजे मोठा माणूस असं प्रत्येकाच्या डोक्यात पक्कं बसलेलं. रखमी पडली विधवा बाई. परक्या गड्याच्या छातीला हात लावून ‘श्वास सोड’ असं ती म्हणणार कशी? मग तिने आपली एक युक्ती काढली होती. गडी आला की ती म्हणे, तेवढा ओंडका परसात ओढून टाक, तोवर मी काडी शोधते. ओंडका जड असे आणि काडी लवकर सापडत नसे. दमून आलेला गडी काडी छातीला लावून उभा राहिला की तो खरोखर जेवढा आहे तेवढाच असे, आणि मग खूण कुठे करायची ते ती लांबूनच सांगे. त्या ओंडक्याने बिचाऱ्याने सबंध पाड्याची मस्ती जिरवली होती.

हे काम तिच्याकडे आलं नवऱ्यामुळे. लहान्या, तिचा नवरा, पाड्याचे तीर करी. तो पातं बसवी, पिसं बांधी. ती काड्या शेके. पण माप ठरवताना तो नेहमी तिच्याकडे बघे, आणि तिने मान हलवली की मगच कापे. दोन हजार चौदाच्या पावसाळ्यात त्याला कावीळ झाली. डहाणूला नेईपर्यंत डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते, आणि भात पोटरीला यायच्या आत तो गेला. रखमीला मूलबाळ नव्हतं. घरात राहिली ती, आणि कोपऱ्यात उभी केलेली बोरूची मोळी.

विधवेने तीर करावेत की नाही यावर पाडा बरेच दिवस चघळत बसला. तीर हे मारायचं हत्यार, त्याला विधवेचा हात नको, असं म्हणणारे कमी नव्हते. एके दिवशी चैत्या तिच्या पडवीसमोर आला. चैत्या म्हणजे लहान्याचा मोठा भाऊ, रखमीचा थोरला दीर. इकडे त्याला जेठ म्हणतात. पाड्यातला पहिला मान त्याचा आणि पाड्यातला सगळ्यात लांब तीरही त्याचाच. जेठाने भावजयीशी थेट बोलायचं नाही अशी रीत. त्यामुळे तो तिच्या पडवीपाशी येताना खोकायचा, ती पदर ओढून तोंड फिरवायची, आणि जे काही बोलायचं ते चैत्याची बायको ठकी हिच्या तोंडून. त्या दिवशीही तो ठकीला घेऊन आला आणि भिंतीकडे बघत म्हणाला, “ठके, तिला सांग, माझे तीर जुने झाले.” रखमी तीन हातांवर उभी होती. ठकीने ते पुन्हा सांगितलं नाही, नुसता हात हलवला. पण चैत्याने तीर तिच्याकडून करून घेतले म्हटल्यावर पाड्याची तोंडं बंद झाली. रखमी पुढे जगली ती त्या एका वाक्यावर. ते ती कधी बोलून दाखवत नसे, पण एक दिवसही विसरली नाही.

तीन वर्षं तशीच गेली. मग एका आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, वेळी चैत्या शेताच्या बांधावरून घसरला आणि डाव्या खांद्यावर पडला. हाड मोडलं नाही, पण खांदा धरला तो धरलाच. पावसाळाभर खोकला झाला, छाती आत गेली. दिवाळीनंतर त्याने कामठा पुन्हा हातात घेतला आणि अंगणाच्या टोकाला असलेल्या सावरीच्या खोडावर नेम धरून तीर सोडायला लागला. त्याचं आणि रखमीचं अंगण एकच. ती पडवीत काड्या शेकताना पदराआडून बघे. पहिल्याच दिवशी तिच्या ध्यानात आलं. चैत्याचा हात जिथे स्थिर होत होता, तिथे मुठीपुढे नऊ बोटं उरत होती. तो काही तिथे थांबत नव्हता. जन्मभर चार बोटं बघून सोडायची सवय. ती चार बोटं यावीत म्हणून तो दात आवळून ओढी, खांदा पुढे जात नसे, छाती उघडत नसे, हात लटपटे, आणि तीर सावरीच्या अलीकडेच गवतात जाऊन पडे.

त्याने दोरी बदलली. मग कामठा बदलला. मग ठकीच्या तोंडून निरोप आला की पिसं ढिली झाली आहेत, पुन्हा बांध. रखमीने निमूट पुन्हा बांधली. पिसांना काही झालं नव्हतं हे तिला माहीत होतं, आणि तिची खात्री आहे की त्यालाही माहीत होतं.

इलाज तर डोळ्यासमोर होता. माणूस उतरला की तीरही उतरवायचा. पुढचं पातं काढायचं, काडी कापायची, पातं पुन्हा बसवायचं. अर्ध्या दुपारचं काम. पण त्या पाड्याची एक रीत होती. माणूस मेला की त्याचा एक तीर पुढून कापून त्याच्या तिरडीवर ठेवत, म्हणजे त्याची ओढ संपली, आता त्याने जित्यांवर नेम धरू नये. म्हणून जित्या माणसाचा तीर कापायचा नाही. एकदा ठरलेलं माप मरेपर्यंत तेच. पाड्यातले किती म्हातारे डोळे गेले, गुडघे गेले असं सांगून कामठा भिंतीला टांगून बसले होते! डोळे आणि गुडघे कुठले जातायत. त्यांचे तीर त्यांना लांब झाले होते, आणि ते बोलायची सोय नव्हती.

चैत्यालाही तसं टांगून बसता आलं असतं. पण त्याची नात निलम हिचं लग्न ठरलं, तलासरीकडचा मुलगा, वैशाखातला दिवस. पाड्यात मुलीच्या मांडवाची रीत अशी होती की धवलेरीने, म्हणजे लग्न लावणाऱ्या बाईने, गाणं धरायच्या आधी घरच्या वडीलधाऱ्याने एक तीर सोडायचा आणि तो अंगणाच्या टोकाच्या झाडात रुतला पाहिजे. नाही रुतला तर लग्न मोडत नाही, पण त्या घराचा मान तिथल्या तिथे शेजारच्या घराला जातो. शेजारचं घर काळ्याचं. काळ्या चांगला गडी होता, नेमबाज होता, आणि त्याने चैत्याचं वाईट कधी चिंतलं नव्हतं. तरी मान जाणार तो जाणारच, तोही व्याह्यांच्या देखत, नातीच्या मांडवात. शिवाय थरथरत्या हाताचा तीर गर्दीत कुठेही जाऊ शकतो, हे रखमीला दिसत होतं.

तिने ठकीपाशी विषय काढला. भात कांडताना, सहज बोलल्यासारखं. भावजींचा एक तीर थोडा आखूड करून बघावा का, तू विचारशील का, असं. ठकीच्या हातातलं मुसळ थांबलं.

“जित्या मानसाचा?” ती म्हणाली. “रखमे, उद्या त्याला नुसता ताप आला तरी पाडा तुला काय म्हनंल, ठाव हाय ना?”

रखमीला ठाऊक होतं. ‘भुताळी’, म्हणजे चेटूक करणारी, हा शब्द तिथे कोणी मोठ्याने उच्चारत नाही, पण तो कुणावर बसतो ते सगळ्यांना माहीत असतं. एकटी बाई, पोर नाही, नवरा तरणाताठा गेलेला. डोंगरापलीकडच्या एका पाड्यातून अशाच एका बाईला हाकलून दिलं होतं. ती कुठे गेली ते कुणी विचारलंही नाही. ठकी वाईट बाई नव्हती. ती घाबरली होती, आणि घाबरण्यासारखंच होतं.

त्यानंतर रखमीने तो विषय पुन्हा काढला नाही. पण लग्नाचा चौक काढायला भिंत सारवली, तांदळाचं पीठ भिजलं, आणि चैत्याने भात्यातले तीर शेवटचे तपासायला म्हणून तिच्या पडवीत आणून ठेवले, तेव्हा तिला राहवेना. दुपारी सगळी मांडवाच्या कामाला गेली होती. तिने त्यातला एक तीर घेतला. पातं विस्तवावर धरून लाख वितळवली, ओढून काढलं. आता किती कापायचं? डोळ्यांनी पाहिलेलं माप पाच बोटांचं होतं. पण मांडव, वाजंत्री, व्याही समोर. अशा वेळी म्हाताऱ्याच्या अंगात जुना चेव आला आणि त्याने बोटभर जास्त ओढलं तर? पाच कापली आणि तो जास्त ओढला तर पातं मुठीजवळ येईल. तिने एक बोट राखून चारच कापली. माप छातीला काडी लावून घेतलेलं नव्हतं, नुसत्या नजरेचं होतं, आणि असं माप तिने जन्मात कधी वापरलं नव्हतं.

पातं बसवलं, दोरा गुंडाळला, लाख फिरवली. आता हा तीर इतरांत मिसळून द्यायचा? चैत्याला न कळता त्याने तो ओढला तर चार बोटांच्या सवयीने काही बिघडायचं नाही, हे खरं. पण माणसाचा तीर त्याला न सांगता कापायचा, हे तिच्या मनाला पटेना. सांगायचं तर बोलायची बंदी. शेवटी तिने तो कापलेला तुकडा त्या तीरालाच दोऱ्याने बांधला आणि भात्यात सगळ्यांत वर ठेवला. बघितल्यावर त्याला जे करायचं ते तो करील. तीर मोडून टाकील, नाहीतर तिला अंगणातून काढील.

लग्नाच्या सकाळी चैत्याने भाता उघडला तेव्हा ती पाण्याची घागर घेऊन दारातच होती. त्याने तो तीर काढला, तुकडा पाहिला, बोटाने चाचपला. मान वर केली नाही. दोरा सोडून तुकडा कमरेला खोचला, तीर परत भात्यात ठेवला आणि पागोटं बांधायला आत गेला. त्याच्या तोंडावरून काही कळेना. रखमीने घागर रांजणात ओतली ती अर्धी बाहेर सांडली.

दुपार कलल्यावर वऱ्हाड आलं. तारपा वाजला, मग थांबला. निलम हळद लावून मांडवात बसली होती. चैत्या अंगणाच्या मधोमध उभा राहिला आणि भात्याकडे हात नेला. भात्यात लांब तीर पुष्कळ होते. रखमी बायकांच्या मागे खांबाला धरून उभी होती. त्याच्या हातात आला तो आखूड तीर. त्याने तो दोरीला लावला आणि ओढला. खांदा जिथवर जातो तिथवर गेला, छाती जेवढी उघडते तेवढी उघडली, मुठीपुढे बोटं उरली, आणि हात थांबला. कितीतरी महिन्यांनी तो हात असा थांबलेला रखमीने पाहिला. मग त्याने सोडला.

तीर सावरीत रुतला. नेहमीपेक्षा पुष्कळ खाली, जवळजवळ बुंध्यापाशी, पण घट्ट रुतला. माणसांनी ओरडा केला. रीतीप्रमाणे शेजारच्या घरच्या माणसाने तो काढून आणायचा असतो, म्हणून काळ्या गेला. परत येताना त्याची चाल मंदावली. तीर त्याने उलटासुलटा करून पाहिला. ताजी लाख लपत नाही, आणि चैत्याच्या तीराची लांबी पाड्यात पोरासोरांनाही माहीत.

“चैत्या, जित्या मानसाचा तीर कोनी कापला?” त्याने विचारलं. रागाने नव्हे. भ्याला होता तो.

धवलेरी तोंड उघडून तशीच राहिली. ठकीने मागे वळून रखमीकडे पाहिलं आणि झटकन मान फिरवली, पण तेवढं पुरेसं होतं. आणखी दहा जणींनी पाहिलं. रखमीला वाटलं, संपलं आता. आपल्यामुळे पोरीच्या मांडवाला डाग लागला.

चैत्याने कमरेचा तुकडा काढून काळ्याच्या हातावर ठेवला.

“मीच कापाया सांगितला,” तो म्हणाला. “माझी ओढ उतरली. आता गानं धरा.”

तो माणूस खोटं बोलत नसे. उभ्या आयुष्यात त्याचं खोटं पाड्याने ऐकलं नव्हतं, म्हणून हेही खरं मानलं गेलं. धवलेरीने गाणं धरलं. रखमी घराच्या मागे गेली आणि पदर तोंडात कोंबून रडली. भीतीने रडली, की आपल्यासाठी त्याने सगळ्यांसमोर स्वतःला म्हातारा म्हणवून घेतलं म्हणून रडली, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं. निलम तलासरीला गेली, पावसाळा झाला, भात कापून झालं. नोव्हेंबरात जमीन हालायला लागली. आधी एकदा, मग वरचेवर. डहाणूपासून तलासरीपर्यंत गावोगाव तेच. भांडी वाजत, कुडाच्या भिंतींना भेगा पडत, आणि जमिनीच्या पोटातून ट्रक गेल्यासारखा आवाज येई. माणसं घरात निजायची बंद झाली. कापलेल्या शेतात बाजा टाकल्या, कुणाला तंबू मिळाले, कुणी ताडपत्र्या बांधल्या. साहेब लोक येऊन सांगून गेले की असं होतं, घाबरू नका. न घाबरायला काय जातं सांगणाऱ्याचं!

भ्यालेल्या माणसाला कारण लागतं. पाड्याला ते शोधायला लांब जावं लागलं नाही. जित्या माणसाचा तीर कापला, वैशाखात. आणि वर्ष सरायच्या आत जमीन जागेवर राहीना. त्यातच थंडीबरोबर चैत्याचा खोकला बळावला आणि त्याने बाज धरली. मग तर बोलायलाच नको. कुणी तोंडावर काही म्हणालं नाही. रखमीकडे माप द्यायला येणं बंद झालं. परसातला ओंडका पावसाळ्यापासून होता तिथेच होता. भिकी, जिच्याबरोबर ती रोज पाण्याला जायची, आपली घागर घेऊन एकटीच पुढे जाऊ लागली. शेतात सगळ्यांच्या बाजा जवळजवळ होत्या, फक्त रखमीच्या बाजेभोवती जागा मोकळी राहिली होती.

जानेवारीतल्या एका सकाळी, आदल्या रात्रीच्या मोठ्या धक्क्यानंतर, पाड्यातले कर्ते गडी शेतात उन्हाला बसले आणि भगताला बोलवायचं ठरवू लागले. भगत दाणे टाकून सांगेल हे कुणामुळे होतंय ते. कुणाचं नाव निघणार हे त्या शेतातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. रखमी आपल्या बाजेवर बसून ऐकत होती. उठून कुठे जाणार? पळाली असती तर गुन्हा कबूल केल्यासारखं झालं असतं, आणि पळायला माहेरही उरलं नव्हतं.

चैत्या बाजेवर पडून होता. तो कोपरावर उठला. ठकी धरायला धावली तर त्याने तिचा हात बाजूला केला. मग, पाड्याने आजवर कधी ऐकलं नव्हतं तसं, त्याने थेट हाक मारली.

“रखमे, काडी आन.”

सगळे वळून पाहू लागले. रखमी उठली. घरात शिरायला सगळे भीत होते, ती शिरली आणि मोळीतली एक लांब काडी आणि कोळसा घेऊन आली. तोवर चैत्या उभा राहिला होता. अंगावरचं कांबळं त्याने खाली टाकलं होतं. थंडीत उघड्या अंगाने, फासळ्या मोजून घ्या अशा छातीने, तो सगळ्यांसमोर उभा होता.

“तीर कापला म्हनून मी मरनार नाय,” तो म्हणाला. दम लागला म्हणून थांबला. “म्हातारा हाय म्हनून मरनार हाय. सगल्यांनी आज ऐकून ठेवा. उद्या मी सांगाया नसन.”

त्याने डावा हात समोर धरला. तो नीट वर जाईना. कोपर खाली येऊ लागलं. रखमी जवळ गेली. या गड्याला ओंडका ओढायला सांगायची गरज नव्हती. काडी त्याला स्वतःला धरवेना, तेव्हा तिने विचारलं, “भावजी, मी लावू काय?” आजवर त्याच्याशी ती बोललेले हे पहिले शब्द. त्याने मान हलवली. तिने काडीचं टोक त्याच्या छातीच्या हाडाला टेकवलं आणि दुसऱ्या हाताचा तळवा त्यावर दाबला. हाताखाली त्याचं काळीज धडधडत होतं, पक्ष्यासारखं. तिला वाटलं की आता आपल्याला रडू येईल, पण माप घेताना रडून चालत नाही.

हात पुन्हा खाली येऊ लागला. तेव्हा काळ्या उठला. भगताकडे जायला निघालेला तोच होता, खांद्यावर भगताला द्यायची धोतराची घडीही होती. तो येऊन चैत्याच्या शेजारी उभा राहिला आणि त्याने चैत्याच्या कोपराखाली आपला हात धरला. मूठ समोर स्थिर झाली, रखमीने मुठीपुढे चार बोटं मोजली आणि कोळशाने खूण केली.

“किती उतरलो?” चैत्याने विचारलं.

तिने वैशाखातल्या तीराशी मनात ताडून पाहिलं. लपवण्यात अर्थ नव्हता. “आनखी तीन बोटं, भावजी.”

“तवढी काप. माझ्यासाठी लांब ठेवू नको.”

काळ्याने आणि ठकीने त्याला बाजेवर निजवलं, कांबळं घातलं. भगताचं त्या दिवशी कुणी पुन्हा काढलं नाही. रखमी तिथेच, शेतात, सगळ्यांच्या देखत विस्तव करून बसली. काडी शेकली, सरळ केली, खुणेवर कापली, पातं बसवलं, पिसं बांधली. हा तीर कधी सुटणार नाही हे तिला कळत होतं, बघणाऱ्यांनाही कळत होतं. तरी तिने खुणेच्या बाहेर केसभर जाऊ दिलं नाही. मध्ये कधीतरी भिकी येऊन जवळ बसली आणि दोऱ्याचं टोक धरून राहिली.

उन्हं उतरताना तिने तीर नेऊन चैत्याच्या हातात दिला. निजल्या निजल्याच त्याने टोक छातीला लावलं आणि मूठ जाईल तेवढी पुढे नेली. मुठीपुढे चार बोटं उरली.

“बराबर हाय,” तो म्हणाला आणि त्याने तीर उशाला ठेवून घेतला.

जमीन त्यानंतरही हालत राहिली. होळीच्या आधी चैत्या गेला. बाहेरगावचं कोणी भेटायला आलं आणि म्हातारा कशाने गेला असं विचारू लागलं, तर काळ्या सांगायचा, वय झालं होतं त्याचं.